नव्वद मिलिसेकंद

क्लेटसचा थोरला भाऊ बोटीवरून सुट्टीला आला
तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटं, परफ्यूम
आणि एक गिटार होती, तारा नसलेली.
मानेवर पाच बटणं : हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी.
तो परत बोटीवर गेला.
गिटार कुंभारजुव्यात राहिली,
आठवडाभर क्लेटसकडे, आठवडाभर माझ्याकडे.

कसं सांगू काय असायचं ते.
टीव्हीत एक रस्ता अंगावर यायचा,
त्यावरून रंगीत टिकल्या घरंगळायच्या,
आणि रेषेवर नेमकी दाबली टिकली
की गाणं माझ्यातून जायचं.
मला सा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं.
शाळेत प्रार्थनेला बाई म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव.
आणि इथे तीनशे बारा टिकल्या सलग!
टीव्हीतली माणसं हात वर करून ओरडायची,
माझ्यासाठी.

तासाभराने थांबलो की भिंत वर चढायला लागायची.
खरंच. भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर,
खुंटीवरचं पुरसोमामाचं घुमट,
सगळं हळूहळू कौलांकडे.

हेडफोन माझ्या कानांत.
आई म्हणायची, मला गाणंबिणं काही नाही,
नुसतं टक टक टक,
सुपारी नसताना कुणी अडकित्ता चालवावा तसं.

चुकलं की गाण्यातली गिटार तेवढी गायब व्हायची.
फार चुकलं की हुर्यो, आणि गाणंच बंद.
समोर न आलेलं काही वाजवावंसं वाटलं
तर तीही चूकच.

त्या चवथीला मामाचा हात प्लास्टरमध्ये.
फेरीच्या धक्क्यावर स्कूटर घसरली होती.
घुमट माझ्या गळ्यात आलं.
तीनशे बारा सलग मारणाऱ्याला काय जड आहे, वाटलं.

आरती शाणूबाब म्हणत होते, वय एक्क्याऐंशी.
तिसऱ्या कडव्यात श्वासासाठी त्यांनी ओळ लांबवली.
शामेळ थांबलं. कांसाळं थांबलं.
निरांजन हलवणारा हात थांबला.
मी वाजवलं.

त्यानंतरही माझा प्रत्येक ठोका जरा आधी,
केसभर,
पण शेवटपर्यंत केसभर.
कुणी हुर्यो केली नाही,
कुणी आरती बंद केली नाही.
पाट मांडायच्या आधीच जेवायला येऊन बसलेल्या पाहुण्याकडे
बघतात, तसं शाणूबाबांनी बघितलं
आणि पुढचं कडवं उचललं.

प्लास्टर सुटल्यावर मामा म्हणाला, दाखव ती तुझी गिटार.
सगळ्यांत सोपं गाणं लावून दिलं.
चौदा सेकंदांत हुर्यो.
त्यांच्या टिकल्यांच्या मधे तो आपल्या टिकल्या भरत होता,
चवथीला भरतो तशाच.
“हें आयकना रे,” तो म्हणाला,
“हें फकत तपासता.”

आणि रात्री टक टक.
उठून पाहिलं, तर अंधारात निळा उजेड,
मामा पाटावर बसलेला, हेडफोन उलटे घातलेले,
तोंडातल्या तोंडात कसले तरी बोल.
चार रात्री.

पाचव्या सकाळी चहात पाव बुडवता बुडवता त्याने सांगितलं
की टीव्ही मागे आहे.
हात पडतो तेव्हा चित्र अजून वाटेवर असतं.
आणि मी दोन महिने ते न कळता
आधी मारून मारून सांभाळून घेतलंय त्याला,
म्हणून चवथीला तसं झालं.

सेटिंगमध्ये होती एक पट्टी, कधी न उघडलेली.
मोजून नव्वद मिलिसेकंद निघाले.
सरकवली. टिकल्या जागेवर आल्या.
बोटं नाही आली.
पुढच्या चवथीपर्यंत बोटं त्या जुन्या टीव्हीच्याच घरी राहिली,
आणि शाणूबाबांचा श्वास
दर कडव्याला वेगळ्या ठिकाणी यायचा.
तो मोजायचं मी सोडून दिलं,
नुसता त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो.

मामा एकसष्ट टक्क्यांवर अडकला.
करंगळी नारिंगीपर्यंत पोचत नाही म्हणायचा,
पडलेला हात ना.
क्लेटस गिटार न्यायला आला
की दारातूनच सांगायचा, शनिवारी ये.